रिकाम्या गोळीची साक्ष

कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावात डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांची प्रॅक्टिस होती. १९४०च्या दशकात टॉन्सिल काढण्याची ऑपरेशनं सर्रास होत, आणि नंतर घसा दुखू नये म्हणून रुग्ण अ‍ॅस्पिरिन घातलेलं च्युइंगगम चघळत. त्यातल्या काहींच्या घशातून इतकं रक्त यायला लागे की त्यांना रुग्णालयात न्यावं लागे. क्रेव्हननी चौकशी केली तेव्हा कळलं, की ही मंडळी ते गम सांगितल्यापेक्षा बरंच जास्त चघळत होती. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्त लवकर गोठत नसावं, असं त्यांच्या मनात आलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन माणसं मरतात हे तर ठाऊकच होतं. मग जी गोळी घशातलं रक्त थांबू देत नाही, तीच हृदयातली गुठळी रोखू शकणार नाही का?

क्रेव्हन कामाला लागले. मध्यमवयीन, स्थूल, बैठं काम करणाऱ्या पुरुषांना ते रोज अ‍ॅस्पिरिन देऊ लागले. १९५० साली त्यांनी लिहिलं की अशा ४०० पुरुषांपैकी एकालाही हृदयविकाराचा झटका आला नाही. १९५६ पर्यंत ही संख्या सुमारे ८,००० वर गेली आणि दावा तोच राहिला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, ७४ वर्षांचे क्रेव्हन हृदयविकाराच्याच झटक्याने गेले. स्वतः ते नेमाने अ‍ॅस्पिरिन घेत असत.

त्यांची शंका बरोबर होती, हे सिद्ध व्हायला आणखी तीन दशकं गेली. क्रेव्हन यांचे लेख फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांत छापले गेले हे एक कारण. पण मोठं कारण त्यांच्या आकड्यातच होतं. ८,००० माणसांना गोळी दिली, झटका आला नाही. पण गोळी दिली नसती तर किती जणांना आला असता? तुलनेसाठी त्यांच्याकडे माणसंच नव्हती. पुढची सगळी कहाणी तुलनेच्या या दुसऱ्या गटाची आहे: ज्यांना औषध मिळालं नाही, ज्यांनी महिनोन् महिने रिकामी गोळी गिळली, आणि ज्यांच्यावाचून कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला आज खात्रीने काही सांगता आलं नसतं.

त्या काळात झटका आलेल्या माणसासाठी डॉक्टरांच्या हाती फार थोडं होतं. रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हरला झटका आला तेव्हा त्यांना देशातले सर्वोत्तम डॉक्टर लाभले आणि रक्त पातळ करणारी औषधंही मिळाली. तरीही पुढच्या काळात त्यांना आणखी झटके येत राहिले आणि मार्च १९६९ मध्ये त्यांचं निधन झालं. पहिल्या झटक्यातून वाचलेला माणूस दुसऱ्याच्या छायेत जगतो, हे सगळ्यांना दिसत होतं. तो दुसरा झटका टळावा म्हणून जे काही दिलं जाई, ते तर्काने आणि अनुभवाने.

औषध तपासण्याची रीत मात्र तयार झालेली होती. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल छापला. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे त्यात डॉक्टरने ठरवलं नाही; संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आधीच तयार केलेल्या यादृच्छिक क्रमानुसार बंद लिफाफ्यांतून ते ठरलं. डॉक्टरने निवड केली की नकळत धडधाकट रुग्ण एका बाजूला जातात आणि खंगलेले दुसऱ्या बाजूला, मग औषधाचा गुण कोणता आणि रुग्णाच्या प्रकृतीचा कोणता, हे वेगळं करता येत नाही. हृदयविकारात अडचण अजून वाढते, कारण निम्मेअधिक रुग्ण औषधाशिवायही वर्षभर सुखरूप राहतात. शंभरातले दहा दगावणार असतील आणि औषधाने आठच दगावले, तर हा दोघांचा फरक एका डॉक्टरच्या नजरेत कधीच भरत नाही. तो पाहायला हजारो माणसं लागतात. म्हणूनच संशोधकांनी आधी झटका येऊन गेलेल्यांकडे मोर्चा वळवला. निरोगी लोकांपेक्षा त्यांच्यात धोका कितीतरी जास्त, त्यामुळे उत्तर लवकर मिळण्याची शक्यता होती आणि उत्तराची गरजही त्यांनाच सर्वांत जास्त होती.

पहिली भव्य चाचणी अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली. तिचं नाव कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट. ५३ केंद्रं आणि ३० ते ६४ वयाचे, आधी झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष. कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं दुसरा झटका टाळतात का, हा प्रश्न होता. क्लोफायब्रेट, नियासिन, थायरॉइडच्या संप्रेरकासारखं एक रसायन आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दोन वेगवेगळ्या मात्रांत असे पाच औषधी गट होते, आणि सहावा गट रिकाम्या गोळीचा. पाळी थांबण्याच्या वयाआधी बायकांना हृदयविकार कमी होतो, तेव्हा त्यांचंच संप्रेरक पुरुषांना द्यावं, असा इस्ट्रोजेनमागचा विचार होता. तेव्हा तो कुणालाच वेडगळ वाटला नाही.

१९७० मध्ये इस्ट्रोजेनची मोठी मात्रा बंद करावी लागली. ती घेणाऱ्यांत झटके उलट जास्त येत होते, शिरांमध्ये गुठळ्या होत होत्या. थायरॉइडसारखं ते रसायन कोलेस्टेरॉल खरोखर उतरवत होतं. पण ते घेणारे पुरुष जास्त मरत होते, म्हणून तेही थांबवलं. १९७३ मध्ये इस्ट्रोजेनची छोटी मात्राही गेली. पाच गटांपैकी तीन असे मध्येच बाद झाले. हे वेळीच कळलं, कारण चाचणी चालू असतानाच आकड्यांवर लक्ष ठेवणारी समिती होती. चाचणी चालवणाऱ्यांपासून अलिप्त माणसांनी मधूनमधून हिशेब तपासावा आणि गरज पडल्यास चाचणी थांबवावी, ही पद्धत याच काळात रुजली. १९६७ साली संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड ग्रीनबर्ग यांच्या समितीने तशी शिफारस केली होती. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या चाचणीला अशी समिती असते.

या प्रकल्पाची सर्वांत विलक्षण गोष्ट १९८० मध्ये छापली गेली. क्लोफायब्रेटचा मृत्यूंवर काहीच परिणाम दिसला नव्हता. पाच वर्षांत त्या गटातले २० टक्के दगावले, रिकाम्या गोळीच्या गटातले २०.९ टक्के. पण सगळ्यांनी गोळ्या नीट घेतल्याच कुठे होत्या? म्हणून हिशेब वेगळा केला. ज्यांनी आपल्या वाट्याच्या ८० टक्के किंवा अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण १५ टक्के. ज्यांनी टाळाटाळ केली, त्यांच्यातलं २४.६ टक्के. एवढ्यावर कुणी थांबलं असतं तर क्लोफायब्रेट जीव वाचवतं असंच मानलं गेलं असतं. संशोधकांनी मग तोच हिशेब रिकाम्या गोळीच्या गटात मांडला. तिथे नेमाने गोळ्या घेणाऱ्यांत १५.१ टक्के दगावले, टाळणाऱ्यांत सुमारे २८ टक्के.

म्हणजे ज्या गोळीत औषध नव्हतंच, ती नेमाने घेणारेही जास्त जगले होते. नेमाने गोळी घेणारा माणूस इतरही शंभर बाबतींत वेगळा असतो: त्याचं जेवणखाण, झोप, घरच्यांचं लक्ष, मनाची उभारी. संशोधकांनी ४० प्रकारची माहिती जमेस धरून फरक पुसायचा प्रयत्न केला, तरी तो बराचसा उरलाच. "अमुक घेतो तेव्हापासून मला त्रास नाही" असं सांगणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसाचं म्हणणं ऐकताना हे आकडे आठवायला हवेत. तो खोटं बोलत नाही. फक्त त्याच्या म्हणण्याची तुलना करायला समोर कुणी नसतं.

अमेरिकेतला हा प्रकल्प चालू असतानाच अटलांटिकपलीकडे वेल्समध्ये, कार्डिफ शहरात, अ‍ॅस्पिरिन पुन्हा पुढे आलं होतं. मधल्या काळात पोर्ट्समथचे रक्तविकारतज्ज्ञ जॉन ओब्रायन आणि न्यूयॉर्कचे हार्वे वाइस यांना दिसलं होतं की अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटेनाशा होतात. कार्डिफच्या संशोधन केंद्रात पीटर एलवुड होते आणि त्यांचे वरिष्ठ होते आर्ची कॉक्रेन. कॉक्रेन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत डॉक्टरकी केलेला माणूस. हाताशी औषधं नसताना, सूज आलेल्या कैद्यांवर यीस्टची छोटी चाचणी त्यांनी तिथे घेतली होती. पुराव्याशिवाय उपचार करणं त्यांना मनापासून सलत असे.

त्यांनी आपल्या आठवणींत सांगितलेला एक प्रसंग फार बोलका आहे. झटका आलेल्या रुग्णांना रुग्णालयातल्या हृदयविभागात ठेवावं की घरी, याची एक चाचणी ब्रिस्टलमध्ये चालू होती. सुरुवातीच्या आकड्यांत रुग्णालयात थोडे जास्त मृत्यू दिसत होते. फरक किरकोळ होता, योगायोगानेही पडला असता. कॉक्रेननी समितीपुढे मुद्दाम आकडे उलटे करून ठेवले, म्हणजे घरच्या रुग्णांत जास्त मृत्यू. हृदयरोगतज्ज्ञ संतापले, ही चाचणी अनैतिक आहे, ताबडतोब बंद करा म्हणाले. मग कॉक्रेननी खरे आकडे दाखवले आणि विचारलं, आता रुग्णालयातले विभागही ताबडतोब बंद करायचे का? खोलीत शांतता पसरली.

कार्डिफची अ‍ॅस्पिरिन चाचणी १९७१ मध्ये सुरू झाली. नुकताच झटका येऊन गेलेले १,२३९ पुरुष. निम्म्यांना रोज ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. चाचणी मध्यावर असताना बॉस्टनहून हर्शेल जिक हे संशोधक निरोप घेऊन आले. त्यांच्या गटाने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या औषधांची नोंद ठेवली होती, आणि झटका येऊन दाखल झालेल्यांत अ‍ॅस्पिरिन घेणारे फारच कमी सापडले होते. याचे दोन अर्थ निघत होते. एक, अ‍ॅस्पिरिन झटक्यापासून वाचवतं. दुसरा भयंकर होता: अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना झटका आला तर ते रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, वाटेतच मरतात. दुसरा अर्थ खरा असेल तर कार्डिफमध्ये शेकडो माणसांना विष दिलं जात होतं. एलवुड आणि मंडळींनी तोवरच्या मृत्यूंपुरता गुप्त संकेत उघडला. अ‍ॅस्पिरिनच्या बाजूला मृत्यू कमी होते. चाचणी पुढे चालू राहिली.

मार्च १९७४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला, आणि जिक यांच्या गटाचा लेखही त्याच अंकात होता. कार्डिफच्या अ‍ॅस्पिरिन गटात सहा महिन्यांत मृत्यू १२ टक्क्यांनी कमी, वर्षभरात २५ टक्क्यांनी कमी. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं लेखकांनी त्याच लेखात स्वच्छ लिहिलं. इतकी आशादायक आकडेवारी हाती असताना एवढा संयम पाळणं सोपं नव्हतं. त्या संयमाचं मोल या निकालाइतकंच मोठं आहे.

अ‍ॅस्पिरिन नेमकं काय करतं, हे एव्हाना उलगडत होतं. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ते शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती अडवतं. त्यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं, स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांसोबत. हृदयाच्या रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर फाटला की प्लेटलेट तिथे धावतात, एकमेकींना रासायनिक हाक देतात आणि गुठळी वाढत जाते. अ‍ॅस्पिरिन ती हाक देणारं एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटमध्ये केंद्रकच नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य तसंच संपतं. म्हणून ताप-डोकेदुखीला घेतो त्याच्या पाव भागाइतकी, ७५ मिलिग्रॅमची रोजची गोळी या कामाला पुरते. घराघरांत "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात ती हीच. खरं तर ती रक्त पातळ करत नाही, प्लेटलेटना आवरते. आणि म्हणूनच जठरात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही तिच्यासोबत येतो.

कार्डिफनंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, पण तसं झालं नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅस्पिरिन चाचणीचा निकाल आला: ४,५२४ रुग्ण, रोज एक ग्रॅम अ‍ॅस्पिरिन, आणि मृत्यूचं प्रमाण अ‍ॅस्पिरिन गटात १०.८ टक्के, रिकाम्या गोळीच्या गटात ९.७. म्हणजे उलटंच. पुष्कळांनी अ‍ॅस्पिरिनचा नाद सोडला. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या रिचर्ड पीटो यांनी तोवरच्या सहाही चाचण्या एकत्र मांडल्या. प्रत्येक चाचणीत औषध गटाची तुलना त्याच चाचणीतल्या रिकाम्या गोळीशी करायची, आणि मग ते फरक एकत्र जोडायचे, ही त्यांची पद्धत. एकेकट्या चाचणीत धूसर दिसणारा फायदा एकत्र केल्यावर स्पष्ट दिसला. १९८८ पर्यंत अशा २५ चाचण्या जमा झाल्या. झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशाने घटत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'ने ऑक्सफर्डहून चालवलेल्या आयसिस-२ या चाचणीचा निकाल छापला. १६ देश, ४१७ रुग्णालयं, झटक्याची लक्षणं दिसून २४ तासांच्या आत दाखल झालेले १७,१८७ रुग्ण. पीटो, रोरी कॉलिन्स आणि पीटर स्लाइट यांनी ती जाणीवपूर्वक साधी ठेवली होती. कागदपत्रं थोडी, तपासण्या कमी, म्हणजे गर्दीच्या वॉर्डातला डॉक्टरही रुग्ण दाखल करू शकेल. काहींना गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, काहींना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. पाच आठवड्यांत दोन्ही न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी ८ टक्के. नुसत्या अ‍ॅस्पिरिनचा वाटाही मोठा होता, आणि रुग्णालयात असताना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण त्याने निम्म्यावर आणलं. काही पैशांची गोळी हे करत होती, आणि भारतातल्या सरकारी रुग्णालयांसाठी स्ट्रेप्टोकायनेजही पुढची कित्येक वर्षं मोठा आधार ठरलं.

या चाचणीचा एक तक्ता मात्र अजरामर झाला. निकाल छापण्यापूर्वी, हे औषध वयस्करांना लागू पडतं का, मधुमेहींना पडतं का, अशा छोट्या-छोट्या गटांचे आकडे द्या असा आग्रह झाला. इतके तुकडे केले की कुठे ना कुठे योगायोगाने खोटं उत्तर निघणारच, हे पीटोंना ठाऊक होतं. ते पटवून देण्यासाठी त्यांनी रुग्णांची राशींप्रमाणे विभागणी केली. आपल्याकडे रास चंद्रावरून धरतात. त्यांनी पाश्चात्त्य रीतीने जन्मतारखेवरून सूर्याची रास धरली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिन घेणारे ११.१ टक्के दगावले, न घेणारे १०.२ टक्के. उरलेल्या दहा राशींत ९ टक्के विरुद्ध १२.१ टक्के. म्हणजे मिथुन-तुळेच्या माणसाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये! हा तक्ता शोधनिबंधात छापला गेला आणि तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दाखवला जातो. राशीच्या जागी वय, जात, प्रांत किंवा रक्तगट घातला तर तीच चूक किती सहज खरी वाटू लागते, हे त्यातून लगेच कळतं.

पुढची गोष्ट काळी आहे.

झटक्यानंतर पुष्कळांच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडतात. ज्यांच्यात ते जास्त, ते अचानक मरण्याची शक्यताही जास्त. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते जादा ठोके जवळजवळ पुसून टाकत. ठोके गेले की मृत्यूही टळेल, हा तर्क इतका सरळ होता की अमेरिकेत ही औषधं भराभर लिहून दिली जात होती. १९८७ मध्ये त्यांची चाचणी, कास्ट, सुरू झाली तेव्हा काही तज्ज्ञांनी विरोध केला: इतकं उघड उपयोगी औषध निम्म्या रुग्णांना न देणं हा अन्याय आहे. चाचणीत घेतले तेही निवडक रुग्ण, ज्यांचे ठोके या औषधाने खरोखर ताब्यात आल्याचं आधी तपासून पाहिलेलं होतं. एप्रिल १९८९ मध्ये, दोन वर्षांच्या आतच, ती थांबवावी लागली. अखेरच्या मोजणीत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले होते, रिकामी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. इसीजीचा कागद सुधारत होता आणि माणूस मरत होता. अन्याय झाला असं ज्यांच्याबद्दल वाटलं होतं, तेच वाचले होते. आणि चाचणीबाहेर, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये या गोळ्यांनी कोण दगावलं हे कोणत्याही डॉक्टरला कळलं नसतं. झटका येऊन गेलेला रुग्ण अचानक गेला तर औषधावर कुणाचा संशय जातो?

कोलेस्टेरॉलचा प्रश्न शेवटी स्कँडिनेव्हियात सुटला. जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात बुरशीत शोधलेल्या पदार्थापासून स्टॅटिन औषधांचा वंश सुरू झाला, आणि १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. रिकाम्या गोळीवर २५६ मृत्यू, औषधावर १८२. उलट २००६ मध्ये टॉर्सेट्रॅपिब या नव्या औषधाने 'चांगलं' कोलेस्टेरॉल ७२ टक्क्यांनी वाढवलं, आणि तरीही १५,०६७ रुग्णांच्या चाचणीत त्या गटात ९३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ५९.

अलीकडे आपल्या ओळखीची एक वनस्पतीही या यादीत आली आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी विषारी आहे, आणि त्या विषातला कोल्चिसिन हा पदार्थ गाउटवर फार पूर्वीपासून वापरला जातो. तो सूज शमवतो, आणि रक्तवाहिनीतल्या थराची सूज झटक्याला कारण होते असा विचार पुढे आल्यावर त्याच्या अतिशय अल्प मात्रेची चाचणी सुरू झाली. २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत झटका, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आलं. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र ९.१ आणि ९.३ टक्के, म्हणजे फरकच नाही. वाद चालू आहे. बीटा-ब्लॉकर या, हृदयाची गती मंदावणाऱ्या आणि झटक्यानंतर चाळीस वर्षं निर्धास्तपणे दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचीही फेरतपासणी झाली: ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिदच्या परिषदेत मांडलेल्या स्पेन-इटलीच्या चाचणीत फायदा दिसला नाही, तर डेन्मार्क-नॉर्वेच्या चाचणीत थोडा दिसला. आधीचा पुरावा स्टेंट आणि स्टॅटिन येण्यापूर्वीचा होता. आजचा रुग्ण वेगळा आहे. हे वाचून कुणी आपली गोळी आपणच बंद करू नये, कारण कोणत्या हृदयाला ती लागते हे इकोसारख्या तपासण्यांवर ठरतं.

या इतिहासात भारताचं पान उशिरा पण ठळक उघडतं. केरळात जन्मलेले, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सलीम युसुफ ऑक्सफर्डमध्ये पीटो आणि स्लाइट यांच्याबरोबर आयसिसच्या उभारणीत होते. पुढे कॅनडातून त्यांनी चालवलेल्या ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातून दिसलं, की दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र ५९ व्या. म्हणजे मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते चालू असतानाच. त्यानंतर त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासाने २०११ मध्ये आणखी बोचरी गोष्ट समोर आणली. भारतासह गरीब देशांत झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांपैकी ८० टक्के लोक अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी यांपैकी एकही घेत नव्हते. १७,१८७ रुग्णांनी जे सिद्ध करून दिलं, ते पाचातल्या चौघांपर्यंत पोहोचलंच नव्हतं, आणि तेही एवढ्या स्वस्त गोळ्या असताना.

म्हणून चाचणीचा विषयच बदलला. सगळी औषधं एकाच कॅप्सूलमध्ये घालून पाहावीत, या कल्पनेच्या पहिल्या मोठ्या परीक्षांपैकी एक सेंट जॉन्सच्या पुढाकाराने भारतातल्या ५० केंद्रांत २,०५३ लोकांवर झाली आणि २००९ मध्ये छापली गेली; त्यांना अजून झटका आलेला नव्हता. झटका येऊन गेलेल्यांवरची निर्णायक चाचणी युरोपात झाली. २०२२ मध्ये २,४९९ रुग्णांत एकत्रित गोळीने झटका, पक्षाघात, तातडीची अ‍ॅन्जिओप्लास्टी आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकूण प्रमाण १२.७ वरून ९.५ टक्क्यांवर आणलं. दोन्ही बाजूंना औषधं जवळपास तीच होती, फरक गोळ्यांच्या संख्येचा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या.

याहीपलीकडे जाणारी एक चाचणी त्याआधीच, २०१६ मध्ये, सेंट जॉन्सच्याच डॉक्टरांनी छापली होती. देशातल्या १४ रुग्णालयांतून घरी चाललेल्या ८०६ हृदयरुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली, पण यावेळी गोळीची नव्हे. अर्ध्या रुग्णांकडे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन भेटत, गोळ्या का घ्यायच्या ते समजावत, तंबाखू आणि खाण्याविषयी बोलत, घरच्या माणसांना सोबत घेत. उरलेल्या अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली. वर्षाअखेरीस नेमाने औषधं घेणारे नेहमीच्या सेवेत ९२ टक्के होते, कार्यकर्ते जात होते तिथे ९७ टक्के.